क्लासमध्ये जमलेलं घरी का जमत नाही? शास्त्रीय गाणं शिकणाऱ्यांसाठी आठवडाभराच्या रियाजाची वाट

क्लासमध्ये ताईंच्या मागोमाग म्हणताना बंदिशीची ओळ अगदी बरोबर येते. ताई मान डोलावतात, आपणही खुशीत बाहेर पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तानपुरा लावून बसलो की पहिले दोन शब्द आठवतात, पण पुढची जागा गंधारावरून (ग) वळत होती की पंचमावरून (प), ते काही केल्या आठवत नाही. मग सुचेल तसं म्हणायचं, चार दिवस तेच घोटायचं, आणि पुढच्या क्लासला गेल्यावर कळतं की आपण भलतंच काहीतरी पाठ करून आलोय. निम्मा तास ते पुसण्यातच जातो.

शिकत असताना माझं हे कितीतरी वर्षं चाललं, आणि आता शिकवताना समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकात दिसतं. मेहनत कमी पडते म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. गुरूंचा आवाज कानात असेपर्यंत गळा त्यांच्या मागे आपोआप जातो. तो आधार सुटला की आपल्याकडे किती उरलंय ते खरं कळतं. त्यामुळे क्लासमधली गोष्ट घरी जशीच्या तशी कशी न्यायची आणि पुढचे सहा दिवस तिचं काय करायचं, एवढ्याचसाठी हा लेख आहे. उदाहरणं हिंदुस्थानी गायनातली आहेत. वाद्य शिकणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल, आणि त्यांच्यासाठी पुढे थोडं वेगळंही लिहिलं आहे.

सुरुवातीला: पट्टी ठरवा

क्लास लावण्याआधी शक्य असेल तर एक तास नुसतं मागे बसून ऐका. शिक्षक चूक कशी सांगतात ते बघा. ‘चुकलं, परत म्हण’ एवढ्यावर थांबतात, की ‘रिषभावर थांबलास, तिथे थांबायचं नाही’ असं नेमकं सांगतात? दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकांकडे विद्यार्थी लवकर पुढे जातो. रेकॉर्डिंग चालेल का, बुडलेल्या तासाचं काय, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

मग पट्टी, म्हणजे आपण कोणत्या उंचीवरचा सा धरून गातो ते. आपला षड्ज (सा) कुठे आहे हे पक्कं व्हायलाच हवं. खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत आवाज नुसता पुटपुटल्यासारखा न होता ऐकू आला पाहिजे, आणि वर तार (वरच्या सप्तकातल्या) गंधार, मध्यमापर्यंत मान ताणावी न लागता पोचता आलं पाहिजे. पुरुषांची पट्टी बहुधा काळी एकच्या (हार्मोनियमच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास येते, बायकांची काळी चार किंवा पाचच्या आसपास. पण हा ढोबळ अंदाज आहे, आपला गळा सांगेल ते खरं. मैत्रीण काळी पाचमध्ये गाते म्हणून आपणही तिथेच गायचं, हा हट्ट धरू नका. पट्टी वरची असली म्हणजे गाणं वरचं होत नाही, गळा मात्र महिन्याभरात कुरकुरायला लागतो.

क्लासमध्ये बसल्यावर

पाच-दहा मिनिटं आधी पोचा. धावत येऊन लागलेल्या दमात षड्ज लागत नाही. फोन विमान मोडवर टाका आणि परवानगी घेऊन रेकॉर्डिंग सुरू करा. पूर्ण तास रेकॉर्ड करण्याची गरज नसते. बंदीश सांगायला सुरुवात झाली, नवा आलाप (रागाचा संथ विस्तार) दिला, तान (वेगाने म्हणायची स्वरांची ओळ) बांधून दिली, तेवढंच घ्या. तासाभराची फाइल पुन्हा कोणीही ऐकत नाही, हे मी खात्रीने सांगते.

गुरू गात असताना त्यांच्या आवाजाखाली हळूच गुणगुणायची सवय बहुतेकांना असते. ती सोडा. गुणगुणताना आपण ऐकत नसतो, आणि नेमकी वळणाची जागा आपल्याच आवाजाखाली झाकली जाते. त्यांचं पूर्ण होऊ दे, एक श्वास जाऊ दे, मग म्हणा.

आलं नसेल तर ‘आलं नाही’ म्हणून सांगा. मात्र ‘परत एकदा सांगा ना’ म्हटलं की पूर्ण ओळ पुन्हा येते आणि अडलेली जागा पुन्हा निसटते. ‘ताई, मुखड्यानंतर पंचमावरून खाली येता ना, तेवढीच जागा परत दाखवाल का?’ असं विचारलं की एका मिनिटात काम होतं. (मुखडा म्हणजे बंदिशीची पुन्हापुन्हा येणारी सुरुवातीची ओळ.) त्यासाठी आपल्याला नेमकं कुठे अडतंय याचा आपण आधी विचार केलेला असावा लागतो, आणि तो विचार केला की अर्धी अडचण तिथेच सुटलेली असते.

तास संपायच्या आधी आणखी एक गोष्ट करा. शिक्षकांना विनंती करून, हार्मोनियमची साथ न घेता, शिकलेली ओळ एकट्याने एकदा म्हणून दाखवा. चुकली तर तिथेच चुकू दे. ती दुरुस्त करणारं माणूस समोर बसलेलं आहे, घरी ते नसतं.

त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी

आठवड्यातली सगळ्यात मोलाची वीस मिनिटं हीच. उद्यावर टाकली की निम्मं गेलं.

रेकॉर्डिंग ऐका आणि त्याचे छोटे तुकडे करा. अर्ध्या-पाऊण मिनिटाचे चार-पाच तुकडे पुरतात. प्रत्येकाला नीट नाव द्या: ‘भूप, स्थायी दुसरी ओळ’ असं. (भूप हा राग, स्थायी म्हणजे बंदिशीचा पहिला भाग.) मग बंदीश स्वरलिपीत लिहा. बहुतेक ठिकाणी पं. विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धत चालते: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब आणि तार सप्तकाच्या स्वरावर टिंब. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीतली चिन्हं वेगळी आहेत, म्हणून आपल्या क्लासमध्ये कोणती वापरतात ते विचारून एकच धरा.

लिहिताना आधी मात्रांचे (तालाच्या ठोक्यांचे) रकाने आखा, मग स्वर भरा. तीनताल असेल तर 16 रकाने, चार-चारच्या विभागांत, 1 वर सम (तालाची पहिली मात्रा) आणि 9 वर खाली (जिथे टाळी न देता हात उघडतात). मध्यलयीतल्या पुष्कळ बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेपासून उठतो. रकाने न आखता वहीत नुसते शब्द आणि त्यांच्यावर स्वर लिहिलेले असले की मुखडा कुठून उठायचा हेच चार दिवसांनी लक्षात राहत नाही, आणि घरी आपण तो बिनधास्त समेपासून म्हणायला लागतो. मग तबल्याबरोबर बसलं की सगळं उलटंपालटं.

रोजचा रियाज

नवशिक्याने रोज अर्धा-पाऊण तास नेमाने बसणं मला पुरेसं वाटतं. रविवारी तीन तास आणि बाकीचे दिवस कोरडे, यापेक्षा ते कितीतरी चांगलं. एखाद्या दिवशी पंधराच मिनिटं मिळाली तर पंधरा मिनिटं बसा, पण बसा.

पहिली सात-आठ मिनिटं षड्जाची. तानपुऱ्यात आवाज मिसळून जाईपर्यंत लांब सा लावा, मग हळूहळू खाली मंद्र पंचमापर्यंत जा. सकाळी आवाज जड असतो, खर्ज (खालचे स्वर) तेव्हा चांगला लागतो. पुढची दहा मिनिटं अलंकार: सारेग, रेगम, गमप असे सरळ आणि उलट, आधी सरगममध्ये आणि मग आकारात (नुसत्या ‘आ’वर). अलंकार ज्या रागाचा अभ्यास चालू आहे त्याच्या स्वरांत म्हटले तर दोन कामं एकदम होतात. भूप चालू असेल तर सारेग, रेगप, गपध, पधसां.

मधली पंधरा-वीस मिनिटं अडलेल्या जागेची. इथे मला थोडं थांबून सांगायचंय, कारण बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो. संपूर्ण बंदीश पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हापुन्हा म्हणणं याला आपण रियाज समजतो. त्यात येणारा भाग वीसदा होतो आणि न येणारी जागा वीसदा चुकीची होते, आणि चूकच पक्की बसते.

यमनातली एक साधी तान घेऊ:

नि़ रे ग म॑ | प ध नि सां | नि ध प म॑ | ग रे सा ऽ

सोळा अक्षरं आहेत (ऽ म्हणजे आधीचा स्वर लांबवणं), म्हणजे दुगुणीत (एका मात्रेत दोन अक्षरं) आठ मात्रा. समेवरून उचलली तर आठव्या मात्रेवर संपते आणि नवव्या मात्रेला मुखडा पकडता येतो. वर जाताना बहुधा कोणाचंच काही बिघडत नाही. तार षड्जाला हात लागला की मात्र सुटल्यासारखं होऊन पुढचे ‘नि ध प’ घाईने निघतात, तान सातव्या मात्रेतच संपते आणि मग सा धरून उभं राहावं लागतं. दुखणं सगळ्या तानेत नाही, वळणाच्या चार स्वरांत आहे: ध नि सां नि. म्हणून तेवढेच चार घ्या. लय निम्मी करा, फोनवरच्या मेट्रोनोमवर मिनिटाला 60 ठोके लावा आणि एका ठोक्याला एक स्वर म्हणा. सलग पाच वेळा स्वच्छ आलं की आकारात म्हणा. मग मागचा पंचम जोडा, पुढचे ध आणि प जोडा. आता एका ठोक्याला दोन स्वर. त्यानंतर संपूर्ण तान, आणि शेवटी तान आणि मुखडा एकत्र, कारण तानेतून मुखड्यात शिरणं ही स्वतंत्र जागा आहे, तिचाही रियाज लागतो. ठोके चार-चारने वाढवत न्या. चुकलं की एक पायरी खाली या. घाई करू नका. एका बैठकीत 60 वरून 76 पर्यंत गेलात तरी भरपूर झालं.

उरलेल्या पाच मिनिटांत मात्र कुठेही न थांबता, चुकलं तरी पुढे जात, बंदीश एकदा पूर्ण गा. न थांबता गाणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे.

सूर कशावर तपासायचा

माझ्या शिकण्याची पहिली दोन वर्षं मी घरी सतत हार्मोनियम वाजवत गायले. प्रत्येक स्वराला पेटीची पट्टी दाबायची आणि तिच्याबरोबर गायचं. एक दिवस गुरूंनी पेटी बंद केली, तानपुरा छेडला आणि ‘गंधार लाव’ म्हणाले. माझा गंधार चढा लागला. पुन्हा लावला, पुन्हा चढा. मला वाटत होतं तो बरोबर आहे, कारण पेटीवरचा गंधार माझ्या कानात बसला होता.

यामागे साधं कारण आहे. आजची हार्मोनियम सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेली असते. सूर मोजायच्या हिशेबात एका भागाचे 100 सेंट धरतात, म्हणून पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागली, जवारी (घोडीवरून उठणारी तारेची झणकार) खुलली, की तिच्यातून एक गंधार आपोआप ऐकू येतो. तो साधारण 386 सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, कानाला मात्र स्पष्ट टोचतो. (हा गंधार पहिल्यांदा स्वतःच्या कानाने ऐकू आला तो दिवस मी विसरलेले नाही. एका तारेत दुसरा स्वर दडलेला असतो हे पुस्तकात वाचणं आणि ऐकणं यात फार अंतर आहे.)

म्हणून षड्ज आणि पंचम मिळवायला, नवी ओळ बसवायला हार्मोनियम खुशाल घ्या. ओळ बसली की पेटी बंद करून तानपुऱ्यावर गा. घरी तानपुरा नसला तरी फोनवरचं तानपुऱ्याचं अॅप चालतं, फक्त ते फोनच्या स्पीकरवर न लावता बऱ्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर लावा. फोनच्या बारक्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही. मालकंससारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागाला पहिली तार मध्यमात लावतात, तेव्हा अॅपमध्येही तो बदल करायला विसरू नका.

सूर बरोबर आले तरी राग आला असं नसतं. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच: सा रे ग प ध. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार आहे, चलन खालच्या अंगाने (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) आहे. देसकाराचा वादी धैवत, आणि तो वरच्या अंगाने फुलतो. भूप गाताना पुन्हापुन्हा धैवतावर जाऊन रेंगाळलात तर एकही स्वर न चुकता राग बदलतो. आलाप कुठे थांबतोय ते वहीत लिहून ठेवा. किशोरी आमोणकरांचा भूप लावा, वही-पेन्सिल घेऊन पहिली दहा मिनिटं ऐका आणि त्या कोणत्या स्वरावर विसावतात तेवढंच टिपा. मागे नुसतं लावून ठेवलेल्या ऐकण्याचा आनंद वेगळा, हे ऐकणं वेगळं. दोन्ही हवीत.

ताल

तालाकडे गाणाऱ्यांचं दुर्लक्ष होतं आणि मग पहिल्यांदा तबलजींसमोर बसलं की घाम फुटतो. आधी हाताने टाळी-खाली देत तीनतालाचा ठेका (तालाचे ठरलेले बोल) तोंडाने म्हणा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ठेका म्हणत खोलीत चालता आला की बंदीश म्हणत हातावर ताल धरा. हात थांबला की लय गेली असं समजा. झपताल (10 मात्रा), एकताल (12) आणि रूपक (7) हेही असेच तोंडावर बसवा. रूपकात समेलाच खाली असते, तिथे सुरुवातीला हात हमखास चुकतो.

तबला शिकणाऱ्यांना तर आधी पढंत (बोल तोंडाने म्हणणं), मग हात. जो बोल तोंडाने त्या लयीत स्पष्ट येत नाही, तो हातातून येईल अशी अपेक्षा ठेवू नये. कायदा (बोलांची ठरावीक रचना) लेहऱ्यावर (तालाचं आवर्तन दाखवणाऱ्या फिरत्या धुनेवर) वाजवायची सवय पहिल्यापासून लावा. सतारीसारख्या तारवाद्यांना सुरुवातीचे काही आठवडे बोटांची टोकं दुखतात. त्या दिवसांत दहा-दहा मिनिटांच्या बैठका करा. कातडी निबर झाली की ते दुखणं जातं, मात्र मनगट किंवा कोपर दुखत असेल तर बसण्यात किंवा वाद्य धरण्यात चूक आहे, ती शिक्षकांना ताबडतोब दाखवा.

गळा

गाताना घसा दुखता कामा नये. दुखला तर थांबा, पाणी प्या, पट्टी आणि जोर दोन्ही तपासा. सर्दी-खोकल्यात आवाज बसलेला असताना रेटून गाऊ नका आणि कुजबुजतही बोलू नका, गप्प राहणं बरं. त्या दिवसांचा रियाज बुडतो असं नाही: ठेके म्हणून घ्या, स्वरलिपी पूर्ण करा, ऐका. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.

वयात येणाऱ्या मुलांचा आवाज फुटतो तेव्हा तो साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. काही महिने तो कुठेही घसरतो. या काळात कित्येक मुलं गाणं सोडतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. शिक्षकांशी बोलून पट्टी उतरवा, तार सप्तक बाजूला ठेवा, वाटल्यास वर्षभर हार्मोनियम किंवा तबला शिका. कान तोवर तयार होतच राहतो.

ऑनलाइन क्लास असेल तर

आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या वेळामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही. त्यामुळे तानपुरा आणि ठेका आपल्या बाजूला लावायचा, शिक्षक गातील तेव्हा आपला माइक बंद. झूमसारख्या अॅपमध्ये गोंगाट गाळण्याची सोय आपोआप चालू असते आणि ती तानपुऱ्याला गोंगाट समजून कापून टाकते. संगीतासाठी मूळ आवाज पाठवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो चालू करा. नाहीतर शिक्षकांना आपला सूर नीट ऐकूच जात नाही.

परीक्षा

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत्या क्रमाने होतात. पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतल्या या परीक्षा. अभ्यासाला शिस्त येते, परीक्षकांसमोर बसायची भीती मोडते, म्हणून द्याव्यात असं माझं मत. पण अभ्यासक्रमातले राग ‘उरकायचे’ झाले की थोडं थांबावं. पुढच्या परीक्षेची घाई नसेल तर एखादं वर्ष दोनच राग घेऊन बसा. शास्त्राच्या व्याख्या मात्र शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. राग शिकतानाच त्याचा थाट (मूळ स्वरसंच), वादी-संवादी (मुख्य आणि त्याखालोखालचा स्वर), वेळ वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं की वेगळा अभ्यास फारसा उरत नाही.

पुढच्या क्लासच्या आदल्या संध्याकाळी

आठवडाभर रियाज झाला नसेल तर तसं सांगा. ‘सर, या वेळी बसायला जमलं नाही, आज मागचंच पक्कं करूया का?’ असं विचारलेलं कुठल्याही शिक्षकाला आवडतं. न सांगता नवीन घ्यायला बसलं तर पहिल्या ओळीतच त्यांना कळतं, आणि नवीन काही त्या दिवशी बसतही नाही.

रियाज झाला असेल तर तानपुरा लावून, पेटीशिवाय, बंदीश एकदा फोनवर रेकॉर्ड करा. मग क्लासच्या दिवशी कापून ठेवलेला गुरूंच्या आवाजातला तुकडा आणि आपला, दोन्ही लागोपाठ ऐका. गाताना न जाणवलेल्या दोन-तीन गोष्टी लगेच ऐकू येतील. त्यातली एक आजच दुरुस्त होते का बघा. जी होत नाही तिच्या मात्रेखाली वहीत पेन्सिलने रेघ मारा आणि उद्या क्लासला बसल्या बसल्या तीच जागा आधी विचारा.